अनुमोदक मदने आप्पा

मदने आप्पांच्या हातात सहीसाठी कागद दिला की पुढची पंधरा मिनिटं त्या कागदाची आशा सोडायची. मग तो वर्गातला हजेरीचा तक्ता असो, कुरियरवाल्याची पावती असो, नाहीतर आरोग्य शिबिरातली नावं लिहून घ्यायची वही असो. आप्पा आधी चष्मा काढतात, सदऱ्याच्या टोकाला पुसतात, परत घालतात आणि अगदी वरच्या ओळीपासून वाचायला लागतात. आता हजेरीच्या तक्त्यात वाचण्यासारखं असतं काय? कॉलेजचं नाव, विषय, तारीख आणि खाली एकतीस नावं. आप्पा एकतीसच्या एकतीस नावं वाचतात. मग कागद उलटून मागची बाजू कोरी असल्याची खात्री करतात. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणतात, "मॅडम, ह्याच्यावर शनिवार लिवलंय. आज रविवार हाय." मी वार दुरुस्त करते आणि दुरुस्तीखाली सही करते, कारण त्याशिवाय कागद पुढच्या बाकावर जात नाही. तोवर मागच्या बाकांवरचे निम्मे लोक झोपलेले असतात.

झोपणाऱ्यांना मी दोष देत नाही. शिरूरच्या एका कॉलेजात शनिवार-रविवारी मी एम.कॉम.चे तास घेते. माझे बहुतेक विद्यार्थी कारेगावात एकेका खोलीत पाच-पाच जण राहतात, रांजणगावच्या कारखान्यांत रात्रपाळी करतात आणि तिथून थेट वर्गात येतात. त्यांना पदवी हवी आहे, आणि त्याआधी झोप. मी यवतहून दोन एसट्या बदलून येते. एकोणीस वर्षं तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे जेवढे तास घेईन तेवढ्यापुरतीच मी या कॉलेजची. माझा विषय आहे कंपन्यांचं सुशासन आणि उत्तरदायित्व. कंपनी कुणी, कशी चालवावी, संचालकांनी कुणाला जाब द्यावा, सभेत काय बोलावं आणि काय लिहून ठेवावं, असं सगळं त्यात येतं. माझ्या नोट्सचे कागद पिवळे पडलेत. मी त्या वाचते, ते ऐकत नाहीत, आणि सहा महिन्यांनी सगळे पास होतात.

या व्यवस्थेत मदने आप्पा दोन वर्षांपूर्वी येऊन बसले. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, वय एकसष्ट, पहिला बाक. मला वाटलं कुणाचे तरी वडील फी विचारायला आलेत. मी विचारलं, "आपण कुणाचे पालक?" ते उभे राहिले आणि म्हणाले, "मीच विद्यार्थी हाय, मॅडम. माझे पालक कवाच गेले." मागे कुणीतरी झोपेतून हसलं. आप्पा बसले, दोनशे पानी वही उघडली आणि पहिल्या पानावर विषयाचं लांबलचक नाव लिहिलं. त्यापुढे कंसात लिहिलं, 'कारभार'. पुढची दोन वर्षं त्यांनी तोच शब्द वापरला.

आप्पांचा एकच प्रश्न होता. संचालक मंडळाची रचना शिकवा, लेखापरीक्षकाचं स्वातंत्र्य शिकवा, भागधारकांचे हक्क शिकवा, तासाच्या शेवटी आप्पांचा हात वर. "एखाद्या डायरेक्टरनं न वाचता सही केली, तर ती सही त्याचीच धरायची का?" मी म्हणायची, त्याचीच. ते तारीख घालून लिहून घ्यायचे, 'त्याचीच'. पुढच्या आठवड्यात पुन्हा हात. "आन् ती पुसता येती का?" मी म्हणायची, नाही, एकदा सही झालेलं इतिवृत्त खोडता येत नाही. तेही तारीख घालून लिहायचे. हे इतक्यांदा झालं की मी तास पाच मिनिटं आधीच आवरायला लागले. म्हटलं, म्हातारपणी एकेकाला एकेक वेड लागतं, याला सहीचं लागलंय.

मग एका रविवारी आमची एसटी न्हावऱ्याच्या स्टँडवर थांबून राहिली. आप्पांचं गाव त्याच रस्त्यावर, भीमेचा पूल ओलांडल्यावर थोडं आत. ते माझ्या मागच्या सीटवर होते, तिकिटाची दोन्ही अंगं वाचत. ड्रायव्हर चहाला गेला होता. मी कंटाळून विचारलं की आप्पा, हे सहीचं काय आहे एकदा सांगून टाका. त्यांनी तिकीट घडी करून खिशात ठेवलं आणि सांगितलं.

आप्पांच्या गावात भाजीपाला पिकवणाऱ्यांची कंपनी आहे. खरीखुरी नोंदणी झालेली, शेतकऱ्यांची. चारशे सभासद आणि दहा डायरेक्टर. आप्पांच्या घरात तीन पिढ्या मेंढरं होती, वडिलांनी जमीन घेऊन घर बांधलं आणि आप्पांना शिकवलं, म्हणून आप्पा त्यांच्या भावकीतले पहिले बी.कॉम. शिकलेला माणूस पाहिजे म्हणून लोकांनी त्यांना डायरेक्टर केलं. आता दर महिन्याला डायरेक्टरांची सभा व्हायला पाहिजे. पण कुणाचं पाणी चालू असतं, कुणाची तोडणी असते, कुणी लग्नाला गेलेला असतो. मग सभा व्हायची ती वहीत. कंपनीचा क्लार्क ऑफिसात बसून सभेचं सगळं प्रोसिडिंग लिहून काढायचा. कोण काय बोललं, कशावर चर्चा झाली, काय सर्वानुमते मंजूर झालं. नंतर ती वही पिशवीत घालून मोटारसायकलवरून दहा डायरेक्टरांच्या घरी, वावरात, गोठ्यात फिरवायचा. कुणी ट्रॅक्टरच्या बॉनेटवर सही करायचं, कुणी विहिरीच्या कठड्यावर. प्रत्येक ठरावाला एक सूचक लागतो, म्हणजे ठराव मांडणारा, आणि एक अनुमोदक, त्याला पाठिंबा देणारा. क्लार्कनं ती नावं पाळीनं लावून टाकली होती, कुणावर अन्याय नको म्हणून. या महिन्यात हे दोघं, पुढच्या महिन्यात ते दोघं. रेशनच्या दुकानातल्या रांगेइतकं ते सरळ होतं आणि सगळे त्यात सुखी होते.

चार वर्षांपूर्वी असाच क्लार्क आला. आप्पा कोबीला पाणी देत होते, हात चिखलानं भरलेले. त्यांनी हात पायजम्याला पुसला, वही मांडीवर घेतली आणि सही केली. क्लार्क गेला.

त्या पानावर एक ठराव होता. ग्रेडिंग शेडवर माल निवडणाऱ्या बायकांच्या मुकादम श्रीमती पार्वती कोकरे यांना गैरवर्तनाबद्दल कामावरून कमी करण्यात यावं. पाळी आप्पांची होती. अनुमोदक, मारुती रामा मदने.

पार्वती कोकरे म्हणजे आप्पांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरी आलेली, आप्पांच्या घरापासून चाळीस पावलांवर दोन खोल्यांत एकटी राहणारी. लहानपणी आई मेंढरांमागं असायची तेव्हा या आक्कांनीच आप्पांना अंगाखांद्यावर वाढवलेलं. गैरवर्तन काय, तर क्रेटमध्ये मऊ पडलेले टोमॅटो खाली आणि चांगले वर, असं भरायला चेअरमनच्या पुतण्यानं सांगितलं आणि आक्कांनी ते भरू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी क्लार्कनं शेडवर सगळ्या बायकांसमोर ठराव वाचून दाखवला. आक्का म्हणाल्या, माझ्या भावाला हे ठाऊक हाय का? क्लार्क बिचारा खरं तेच बोलला. त्यांचंच अनुमोदन आहे, म्हणाला.

"तवापासनं बोलती न्हाई," आप्पा म्हणाले. "मी आफिसात गेलो. म्हटलं, ती वळ काढा. तर म्हंत्यात, सही झालेलं पुस्तक आम्हाला हलवता येत न्हाई, कायदा हाय. म्हटलं, मग कायदा शिकतो. धा डायरेक्टरात वाचता येणारा चांगला मी एकटा, मॅडम. आंगठा असता तर म्हटलं असतं, आंगठा हाय."

ड्रायव्हर आला, गाडी निघाली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर मला जास्त दमल्यासारखं झालं. हा माणूस एका ओळीसाठी एम.कॉम. करत होता आणि ती ओळ कशी दुरुस्त होईल हे मला विचारत होता. मी त्याला दर आठवड्याला फक्त 'नाही' म्हणत होते.

त्या दिवसापासून मी तास लवकर संपवणं बंद केलं. त्यामुळे माझी गाडी चुकायला लागली हा भाग वेगळा.

आप्पांचं वाचन मात्र वर्गापुरतं राहिलं नाही. कॉलेजच्या कँटीनमध्ये भिंतीवर सूचना आहेत, त्यातली एक त्यांनी व्यवस्थापकाला कायद्याच्या विरुद्ध आहे म्हणून उतरवायला लावली. परीक्षेत उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावरच्या सूचना वाचण्यात त्यांची वीस मिनिटं गेली. पर्यवेक्षक घायकुतीला आले, आप्पा अजून सूचना क्रमांक अकरावर. एकदा स्टाफरूमच्या दारात त्यांनी मला गाठलं आणि विचारलं की मॅडम, तुमचं नेमणुकीचं पत्र तुम्ही वाचलंय का? मी हसून सोडून दिलं. घरी जाऊन कपाटातून काढलं. एकोणीस वर्षं दर मे महिन्यात मी सही करून देत होते की मी माझ्या इच्छेनं सेवेतून बाजूला होत आहे. माझ्या इच्छेनं! मी नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला, आता कळून काय उपयोग. त्याचंही बरोबर होतं. पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही आणि आप्पांचा भयंकर राग आला.

पहिल्या वर्षाच्या पेपरात मी प्रश्न घातला होता, उत्तरदायित्वाची संकल्पना स्पष्ट करा. तीस जणांनी माझ्याच नोट्समधली व्याख्या लिहिली, तिच्यातल्या छपाईच्या चुकीसकट. आप्पांनी लिहिलं होतं ते मी उतरवून ठेवलंय: 'आमच्या तळावर दुसऱ्याची मेंढरंही राखायला असत. प्रत्येक मालकाच्या मेंढराच्या कानाला वेगळी खूण. वाटेत एखादं मेलं तर माझे वडील त्याचा कान कापून मिठात ठेवत आणि चार महिन्यांनी गावी आल्यावर मालकाच्या दारात जाऊन त्याच्या हातावर ठेवत. मालक काही बोलो न बोलो. कान पोस्टाने पाठवलेला चालत नसे. सबब उत्तरदायित्व म्हणजे स्वतः जाऊन दाखवणे.' दहापैकी किती द्यावेत, मला कळेना. आठ दिले. त्याखाली 'व्याख्या लिहिली नाही' असा शेराही मारला, कारण वरून तपासणी होते.

आता वाचणारा म्हणेल, ज्या माणसाला एवढं कळतं तो चाळीस पावलं चालून बहिणीकडे का जात नाही? मीही मनात हेच म्हणत होते. पण विचारायचा धीर झाला नाही. माझीसुद्धा एक मावशी आहे केडगावला, तिच्याकडे मी सहा वर्षं गेलेले नाही आणि कारण काय ते आता आठवतही नाही.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प असतो. सगळे कुठल्या तरी मोठ्या कंपनीवर लिहितात, म्हणजे आदल्या वर्षीच्या प्रकल्पावरून उतरवतात. आप्पांनी स्वतःच्याच कंपनीवर लिहिला. सहा वर्षांच्या सभा घेतल्या आणि 'सर्व संचालक उपस्थित' असं लिहिलेल्या प्रत्येक दिवशी ते दहा जण खरे कुठे होते, हे घरोघर हिंडून विचारलं. एक डायरेक्टर त्या दिवशी पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन करून घेत होता. एकजण मुलीच्या लग्नात अक्षता टाकत होता आणि त्याच वेळी कागदावर खतांच्या चर्चेत भाग घेत होता. तोंडी परीक्षेला पुण्याहून एक परीक्षक आले, तरुण, चटपटीत. त्यांनी हजेरीचा कागद पुढे केला आणि आप्पांनी चष्मा काढला. परीक्षक माझ्याकडे बघायला लागले, मी छताकडे.

वाचून, सही करून आप्पांनी त्यांना आपला तोच प्रश्न विचारला. पुसता येते का?

परीक्षक म्हणाले, "पुसता येत नाही. पण पुढच्या सभेत नवा ठराव मांडून खुलासा नोंदवता येतो ना. साधी गोष्ट आहे. मॅडमनी सांगितलं नाही?"

मॅडमनी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं, माझ्या त्याच पिवळ्या नोट्समध्ये चौथ्या प्रकरणात ते आहे. पण आप्पा विचारायचे पुसता येतं का, आणि मी तेवढ्याचंच उत्तर द्यायची. पुढे एक वाक्य बोलायला काय लागत होतं? एकोणीस वर्षांत मला विचारलेल्या प्रश्नापलीकडे बोलायची सवयच राहिली नव्हती. आप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी वही काढली आणि तारीख घालून लिहिलं, 'जोडता येते'. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणूनच, कंपनीच्या वार्षिक सभेला या, असं आप्पांनी म्हटल्यावर मी नाही म्हणू शकले नाही. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. सकाळी मी त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा आप्पा मागच्या दारी सभेत वाचायचा कागद घोकत होते. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, मला पोहे दिले आणि समोर बसल्या. चेहरा काळजीचा. मला वाटलं, सभेची काळजी. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, ह्यांचं शिकून झालं का समदं? अजून येखादं वर्स नसतंय का पुढं?"

मी म्हटलं, का हो?

तेव्हा कळलं की शनिवार-रविवारी आप्पा एसटीत बसले की आक्का या घरी येतात. दोन वर्षं. वहिनींशी बोलत बसतात, नातवंडांना न्हाऊ घालतात, आप्पांच्या सदऱ्यांची बटणं लावून देतात आणि पाचच्या गाडीआधी निघून जातात. आप्पांना पत्ता नाही. "आता कालेज सुटलं म्हंजी त्यांनी यायचं कवा?" वहिनी म्हणाल्या. बहिणीकडे जा म्हणून त्यांनी आप्पांना शंभरदा सांगून बघितलं होतं. पण आप्पांचं एकच, कागद दुरुस्त झाल्याशिवाय कुठल्या तोंडानं जाऊ. एका घराचा सगळा कारभार माझ्या वेळापत्रकावर चालला होता आणि मी इतके दिवस गाडी चुकते म्हणून कुरकुरत होते.

सभा देवळाच्या सभामंडपात होती. पुरुष पुढं, बायका मागं आणि बाजूच्या पत्र्याखाली मसालेभात. सभेचा आणि भाताचा काय संबंध ते तिथं गेल्यावर कळतं. चेअरमन विषय वाचायचे आणि वाक्य पुरं व्हायच्या आत सभामंडपातून 'मंजूर' असा एकच आवाज यायचा. अहवाल मंजूर, लेखापरीक्षक मंजूर, पुढच्या वर्षीचं नियोजन मंजूर. आठ विषय अकरा मिनिटांत संपले. मी वर्षानुवर्षं भागधारकांच्या सक्रिय सहभागावर दोन तास शिकवते. परत कधी शिकवीन तेव्हा तोंड कसं सरळ ठेवायचं, याचा मी विचार करत होते.

शेवटी चेअरमन म्हणाले, ऐनवेळचे विषय असतील तर घ्या. ते असं म्हणतात आणि लोक उठायला लागतात, अशी तिथली रीत. आप्पा उभे राहिले. त्यांनी कागद उघडला आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या वाक्यालाच सगळे म्हणाले, मंजूर.

आप्पा थांबले. "मंजूर करू नका," ते म्हणाले. "आधी ऐका."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. अर्ध्यावर पुढच्या रांगेतून परत मंजूर आलं, सवयीनं. आप्पांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली. आता लोक गप्प झाले, कारण हा माणूस भात मिळू देणार नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. कागदावर असं होतं: चार वर्षांपूर्वीच्या त्या सभेला मी हजर नव्हतो. मी कोबीला पाणी देत होतो. सभा झालीच नव्हती. प्रोसिडिंगवरची सही माझी आहे आणि ती मी न वाचता केली, वाचता येत असून. श्रीमती पार्वती कोकरे यांचं कोणतंही गैरवर्तन मी पाहिलं नाही. त्यांनी खराब माल खाली घालायला नकार दिला, ते कंपनीच्या भल्याचं होतं. चूक त्यांची नाही. चूक माझी आहे.

चेअरमन काही वाईट माणूस नव्हता. दमलेला होता, माझ्यासारखाच. तो म्हणाला, आप्पा, चार वर्षं झाली की आता, कशाला उकरायचं. आप्पा म्हणाले, लिहून घ्या. चेअरमननं मान हलवली, क्लार्कनं वही उघडली आणि नेहमीच्या सवयीनं विचारलं, सूचक कोण? आप्पा म्हणाले, मी. अनुमोदक?

सभामंडपात कुणी हललं नाही. पुढच्या रांगेत आप्पांसोबतचे नऊ डायरेक्टर बसले होते. पित्ताच्या खड्यांचा डायरेक्टर बोटातली अंगठी फिरवत होता. नियम माझाच, मीच शिकवलेला. अनुमोदक मिळाला नाही तर ठराव पडला. आप्पा कागद धरून उभेच. मी सभासद नव्हते. असते तर उठले असते, असं आता म्हणायला सोपं आहे.

मागून आवाज आला, "माझं नाव लिवा." शेडवर माल निवडणारी एक बाई उभी राहिली होती, ताराबाई. क्लार्क वही घेऊन तिच्याकडे गेला, तिनं अंगठा पुढे केला. तेवढ्यात आप्पा म्हणाले, "आधी समजून घे तारे, काय लिवलंय ते." ताराबाई म्हणाली, "तीनदा वाचलंय की तुम्ही. आता भात गार झाला." मग मात्र सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला.

आप्पा जेवले नाहीत. त्यांनी क्लार्ककडून त्या नोंदीची नक्कल लिहून घेतली, शिक्का मारून घेतला, नक्कल मुळाबरोबर ओळीनं ताडून पाहिली. मग आम्ही निघालो. आक्कांच्या घराजवळ ते इतके हळू चालायला लागले की मला दोनदा थांबावं लागलं.

आक्का अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसल्या होत्या. बारीक, काळ्या, नाक थेट आप्पांचं. त्यांनी मला बघून मान हलवली, भावाकडे बघितलं नाही. आप्पा अंगणाच्या कडेला उभे राहिले आणि वाचायला लागले. कंपनीचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, स्थळ, वेळ. सगळं. आक्का वेल उचलायच्या, झटकायच्या, शेंगा तोडून टोपल्यात टाकायच्या. 'वाचता येत असून' या शब्दांपाशी आप्पा अडखळले. त्यांनी ती ओळ पहिल्यापासून परत वाचली. शेवटी सूचक, अनुमोदक, शिक्का.

"झालं?" आक्का म्हणाल्या.

"व्हय."

"एवढंच मला चार वर्सांमागं तोंडानं सांगाया काय झालं होतं?"

आप्पांनी कागदाची घडी केली. मग उलगडली. मग परत केली. "तोंडानं जमत न्हवतं, आक्का," ते म्हणाले. "रोज दारापत्तूर येत हुतो. जमलं असतं तर कालेजात कशापायी गेलो असतो?"

मी तिथं नसते तर बरं झालं असतं, असं मला फार वाटलं. दोन वर्षं ज्याला मी वेड समजत होते ते हे होतं. साठी उलटलेला माणूस बहिणीपुढं उभं राहायची हिंमत शोधत एसटीनं शिरूरला येत होता, आणि मी त्याला समित्यांचे प्रकार लिहून देत होते. माझे डोळे भरून आले. मी शेंगांच्या टोपल्याकडे बघितल्यासारखं केलं.

आक्का उठल्या, पदराला हात पुसले आणि आत गेल्या. स्टोव्हचा आवाज आला. बऱ्याच वेळानं त्या एक कप घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या हातात दिला. मग दारातूनच, जमिनीकडे बघत आप्पांना म्हणाल्या, "तुझा आत ठिवलाय."

आप्पांनी चपला काढल्या, कागद खिशात घातला आणि वाकून आत गेले. मी बाहेर ओट्यावर बसले. आतून कप ठेवल्याचा आवाज आला. त्यांनी टोपी काढली असावी. कारण मग आक्कांचा आवाज आला, अगदी बारीक. "केस किती पांढरं झालं रं तुझं. मला कुणी सांगितलंच न्हाई."